खात्री नसलेले ठिपके

लेसर होऊन दीड महिना झाला होता. माझ्या दोन्ही डोळ्यांत पाणी बाहेर पडायचा कोपरा अरुंद होता आणि त्यामुळं आतला दाब वाढत होता. काचबिंदूचा हा प्रकार डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावला होता. डोळ्यातल्या रंगीत पडद्याला लेसरनं बारीक भोक पाडायचं, म्हणजे अडलेल्या पाण्याला वाट मिळते. लेसरनंतर उजव्या डोळ्याचा दाब अठ्ठावीसवरून पंधरावर आला. डाव्याचा बत्तीसवरून तेवीसवरच थांबला. तो एकविसाच्या आत यायला हवा होता.

मी चिकलठाण्याला एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. डोळे गेले तर नोकरी गेली, आणि मुलीचं कॉलेज अजून व्हायचंय.

त्या दिवशी नजरेचा घेर तपासायचा होता. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची आणि पांढऱ्या घुमटात मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं. भोवती बारीक दिवे चमकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. काही दिवे इतके मंद होते, की खरंच चमकले का मला नुसतं तसं वाटलं, हे कळेना. तिथं मी बटण दाबलं नाही. शंका असलेला माल मी पास करत नाही, तशीच ही सवय.

रिपोर्ट हातात आला. डाव्या डोळ्याच्या चित्रात वरचा निम्मा भाग काळा, म्हणजे तिथं दिसत नाही. उजव्यातही जागोजागी काळं. ज्या डोळ्याचा दाब उतरला, तोही चाललाय तर! शेजारी बायको बसली होती. तिला कागद दाखवायचं धाडस होईना. तिनंच तो ओढून घेतला, बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

डॉक्टरबाईंनी कागद दोनदा पाहिला. "दिवा नक्की दिसला तरच बटण दाबत होता का?"

"हो. नक्की नसेल तर कसं दाबणार?"

बायको मध्येच बोलली. "मॅडम, ह्यांना रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला ना, तरी तोच आहे का याची खात्री होईस्तोवर हे हात वर करत नायत. तोवर तो मुकुंदवाडीला पोचलेला असतो!"

बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

"इथं दिसल्यासारखं वाटलं तरी दाबायचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पुन्हा करू."

दुसऱ्या वेळी मी शंकेवरही बटण दाबलं. दर वेळी वाटे, खोटं बोलतोय. उजव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ आलं. डाव्याचंही बरंचसं निवळलं, पण नाकाच्या बाजूला वरचा एक डाग तसाच राहिला.

"हा खरा आहे," बाई म्हणाल्या.

"लेसरच्या आधीचा की नंतरचा?"

"आधीचा असावा. गेलेली नजर लेसरनं परत येत नाही. उजवीकडं वाट नीट उघडलीय. डावीकडचा कोपरा थोडा चिकटलेला आहे, म्हणून तिथं दाब उतरवायचे थेंब चालू ठेवू. डाग वाढतोय का, ते सहा महिन्यांनी तपासल्यावर कळेल."

दोन मापं घेतल्याशिवाय फरक सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. तरी रोज सकाळी गॅलरीत उजवा डोळा झाकून मी समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीकडं बघतो. कधी टाकीची कड दिसते, कधी दिसली असं वाटतं.

"अहो, टाकी कुठं पळून जात नाय," बायको आतून येते. "मान वर करा."

ती थेंब टाकते आणि तो नाकात उतरू नये म्हणून डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटानं दाबून धरते. डोळे मिटलेले असतात, म्हणून तेवढा वेळ मला काहीच तपासता येत नाही.