भागीरथाबाईनं पाय लावला नाही

मला लिहिण्याची सवय नाही. पण भागीरथाबाईला पाहिलेली माणसं आता सिंदीत तीन-चारच उरली आहेत आणि त्यांतलं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून बसलो.

बाई पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण जाते, असं आमच्याकडे सगळेच मानत. सिंदी कापसाचं गाव. जिनिंग कारखान्यातले हमाल, गाड्या भरणारे, कापसाची वाळली पऱ्हाटी उपटणाऱ्या बाया, रोज कोणाची ना कोणाची कंबर धरलेली असायची. सकाळी तिच्या ओसरीवर माणसं पालथी पडत. ती भिंतीला हात टेकून डाव्या पायाची टाच कंबरेला तीनदा लावायची. काही घ्यायची नाही, बोलणी मात्र भरपूर द्यायची.

"कंबरेतून काऊन वाकतं रे? देवानं गुडघे कायले देल्ले तुले?"

चौऱ्याहत्तर साली गावातलीच आनंदाबाई कडब्याच्या गंजीवरून पडली. तिलाही ओसरीवर आणलं आणि बाईनं टाच लावली. आनंदाबाई पुन्हा उभी राहिली नाही. उंचावरून पडली होती, असंच गाव म्हणालं. बाईला कोणी दोष दिला नाही. पण बाई दोन वर्षं, आनंदाबाई जाईपर्यंत, रोज तिच्या घरी जाऊन तिचं अंग पुसून देत होती. त्याच सुमारास गावात सेवाग्रामच्या दवाखान्याचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंजवळ भागीरथाबाई बराच वेळ बसून होती. काय बोलली ते तेव्हा कोणाला कळलं नाही.

एकोणऐंशीच्या माघात आमचा किसनराव पडला. तो माझा थोरला भाऊ. भरलेल्या गाडीवर चढून कापूस दाबत होता, दोर तुटला आणि तो पाठीवर दगडांत आला. ओरडलाही नाही. "पाय झोपले माहे," एवढंच म्हणाला. तानबा हमाल, मी आणि आणखी दोघांनी त्याला कापसाच्या चवाळ्यात घातलं आणि चार कोपरे धरून भागीरथाबाईकडे पळालो. मध्ये त्याचं अंग गाठोड्यासारखं मुडपलं होतं. आम्हाला घाई होती एवढंच कळत होतं.

बाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून सूप बाजूला ठेवलं.

"असं वाकवून काऊन आनलं? खाली ठेवा. सरळ! पालथं करू नका त्याले."

"पालथं नाई तर पाय कसा लावसान?" तानबा म्हणाला.

"पाय नाई लावत मी."

तोवर आई धावत आली होती. तिनं पदर पसरला. "माय, एकच लेकरू कमावतं आहे माह्या घरात. लाव माय पाय."

मी तिथंच उभा होतो. कमावता मी नव्हतोच.

बाई ओसरीवरच बसली आणि दोन्ही पाय अंगाखाली घेऊन त्यांवर घट्ट बसून राहिली. अंगणात माणसं जमली होती. कोणी म्हणालं, बाईला गर्व झाला. कोणी म्हणालं, यांच्याच घराशी हिचं काय वाकडं आहे? किसनराव आभाळाकडे पाहत पडला होता. त्याचे ओठ पांढरे झाले होते.

मी पुढे झालो आणि बाईचा डावा घोटा धरून ओढला. ती ओसरीवरून घसरत खाली आली. तिचा पाय भावाच्या पाठीला लावायचाच, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घोट्यात काहीतरी कट् झाल्याचं माझ्या हाताला कळलं. तरी मी सोडला नाही.

बाईनं मला शिवी दिली नाही. कुंपणाकडे बोट केलं.

"बाभळीचा काटा आन. त्याच्या तळपायाले टोच. तो वरडला तर मी पाय लावतो."

मी काटा आणला. भावाच्या उजव्या तळव्याला टोचला. त्यानं हूं की चूं केलं नाही. आणखी जोरात टोचला. रक्ताचा थेंब आला. मग डावा तळवा.

किसनराव म्हणाला, "टोच ना बे. काऊन थांबला?"

आईनं तोंडात पदर कोंबला.

"आनंदाबाईले मी हे इचारलं नव्हतं," बाई म्हणाली. "कवाड काढा."

तिच्याच घराचं कवाड आम्ही बिजागरीतून उचकटलं. भावाच्या शेजारी ठेवलं. बाई घोटा धरून सरपटत त्याच्या डोक्याशी आली आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाली, "मी म्हनीन तवा. समदे एकदम." पाच जणांनी त्याला लाकडासारखा सरळ उचलून कवाडावर घेतला आणि धोतरानं बांधला. जिनिंगचा ट्रक आला. कवाड ट्रकमध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी कापूस ठासला, म्हणजे डोकं हलू नये. बाईही चढली. सेवाग्रामपर्यंत तिनं त्याचं डोकं हातांतून सोडलं नाही. खड्डा आला की ड्रायव्हरला ओरडायची, "भाऊ, हळू!" तिचा घोटा सुजून पायलीएवढा झाला होता. मी समोरच बसलो होतो, पण तिकडे बघत नव्हतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी मणका मोडल्याचं सांगितलं. आतली दोरी शाबूत आहे की नाही, ते दिवसच सांगतील म्हणाले. एकोणीस दिवस मी रोज चादर वर करून त्याचे अंगठे बघत होतो. विसाव्या दिवशी डावा अंगठा हलला. मला भास वाटला, म्हणून नर्सला हाक मारली. तिनं बघितलं आणि मग पुन्हा बघितलं.

किसनराव साडेतीन महिन्यांनी काठी घेऊन चालत घरी आला. ओझं त्यानं पुन्हा उचललं नाही. जिनिंगमध्ये मी लागलो.

तेवढे महिने बाईच्या दाराला पोतं टांगलेलं होतं. कवाड द्यायला आम्ही दोघं गेलो. भाऊ काठी टेकत पुढे, मी डोक्यावर कवाड घेऊन मागे. बाई ओसरीवरून उतरली तेव्हा ती डाव्या पायानं लंगडते, हे मी पाहिलं. ती शेवटपर्यंत तशीच चालली. भाऊ तिच्या पायांकडे वाकायला लागला, तशी ती त्याच्यावर खेकसली आणि त्याला बाजेवर बसवलं.

मलाही काहीतरी म्हणायचं होतं. वाटभर जुळवत आलो होतो. तोंडातून निघेना, म्हणून कवाड उतरवायला वाकलो.

"कंबरेतून नाई रे," बाई म्हणाली. "गुडघ्यातून वाक."

मी गुडघे टेकवले आणि कवाड खाली ठेवलं. उठायला मला थोडा वेळ लागला. तोवर तिनं बिजागरीचे खिळे आणून माझ्या हातात दिले होते.