कपाटात ठेवलेला दगड

पोखर्णीच्या अलीकडे माझी काळ्या दगडाची खदान होती. घण मारून गिट्टी फोडत मी तिच्या मालकीपर्यंत पोचलो होतो, त्यामुळे फुकट काही द्यायची सवय मला नव्हती. एकोणीसशे सत्तरनंतरच्या एका हिवाळ्यात खाणकाम शिकवणारे एक प्राध्यापक विद्यार्थी घेऊन आले. विद्यापीठात यंत्रं होती, पण सुरुंगाची भोकं मारायला दगडाचा कडा नव्हता.

"कडा माझा घ्या," मी म्हणालो. "बदल्यात माझ्या दगडाला तुमची मशीन."

जवळच कालव्याचं काम निघालं होतं, पण तिथले साहेब प्रयोगशाळेच्या दाखल्याशिवाय दगड घेत नव्हते. दगड किती दाबाला फुटतो एवढं कळलं की काम मला मिळणार होतं, नाहीतर खदान बंद. प्राध्यापकांनी मान डोलावली. पोरं आठवडाभर शिकली, माझं पाणी प्याली, माझ्या छिन्न्या बोथट करून ठेवल्या.

नमुन्याचा दगड माझ्या वडार मुकादमाने घडवला. सहाही बाजू गुळगुळीत, कडा धारदार, वर शेंदराचा टिळा.

"फोडायचाच हाय तो," मी चिडलो. "कशाला एवढी नक्षी?"

"मालक, युनिव्हर्सिटीत जायलाय. तुमी लग्नाला मळक्या धोतरात जाता का?"

मी हसलो आणि दगड तसाच पाठवला. तिथंच चुकलं.

दिवस गेले, दाखला येईना. साहेब थांबेनात. शेवटी मानवत रोड स्टेशनावर गाडी धरली आणि विद्यापीठ गाठलं. प्रयोगशाळेच्या दारातच काचेचं कपाट होतं. आत माझा दगड, शेंदरासकट. खाली चिठ्ठी: परभणी जिल्ह्यातील बेसाल्ट.

"सर, हा इथं काय करायलाय?"

"अहो, इतका देखणा दगड दाबून फोडायचा कसा?" प्राध्यापक कौतुकानं म्हणाले. "विभागप्रमुखांना फार आवडला. तुम्ही दुसरा पाठवाल असं वाटलं."

"मला सांगितलं का कुणी?"

माझा आवाज चढला, शेजारच्या वर्गातली पोरं दारात जमली. त्यातली काही माझंच पाणी प्यालेली.

"काढा बाहेर," मी म्हणालो. "माझ्यासमोर फोडा."

दगड मशीनमध्ये बसवला. काटा सरकत राहिला. कालव्याला हवं होतं तिथं पोचला, पुढे गेला, अजून पुढे गेला. मग बंदुकीसारखा आवाज झाला आणि शेंदूर लागलेला तुकडा माझ्या पायाशी आला.

"लय दमाचा दगड," एक पोरगा पुटपुटला.

दाखला घेऊन परतलो तेव्हा कालव्यावर पालमकडच्या खदानीचा दगड पडायला लागला होता. साहेबांनी दाखला वाचला, चांगला आहे म्हणाले, परत दिला. खदान बंद पडली, मुकादम माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेला.

पुढच्या हिवाळ्यात प्राध्यापक परत आले. पोरांना कडा हवा होता. आणि जमलं तर कपाटासाठी तसाच एक दगड.

"घडवणारे गेले," मी म्हणालो.

बदल्यात काय मागावं ते मला सुचेना. खदान रिकामीच होती. पोरांना आत सोडलं आणि छिन्न्या तेवढ्या त्यांच्या त्यांना आणायला लावल्या.