पास घेताना कसं उभं राहायचं

परभणीच्या कॉलेजात मुलींचा हॉकीचा संघ काढायचं ठरलं. दहा जणी जमल्या, पण अकरावी मुलगी काही मिळेना. म्हणून मला घेतलं. झरीहून रोज एसटीनं येणारी मी. चार पावलं पळाले तरी धाप लागायची, पण कुणाला नाही म्हणायला जमायचं नाही.

आमचं मैदान काळ्या मातीचं, भेगाळलेलं. कप्तान पास द्यायची आणि मी गोलकडं पाठ करून, पाय जोडून, प्रार्थनेला उभं राहावं तशी चेंडूसमोर उभी. चेंडू भेगेवरून उडाला की डोळे आपोआप मिटायचे. चुकून अडवलाच, तर मी वळेपर्यंत कुणीतरी तो नेलेला असायचा.

"अगं, बॉलची वाट बघायलीस का पाव्हण्याची?" कप्तान ओरडली. ती परभणीतल्या कापडदुकानदाराची मुलगी, लय फटकळ. तिनं खांदे धरून मला फिरवलं. "एक खांदा माझ्याकडं, एक गोलकडं. गुडघे वाकव. आन् बॉल यायच्या आधीच मागं कोण हाय ते बघून घे."

घरी अंगणात काठी घेऊन मी तसं उभं राहून बघू लागले. आई घाबरलीच.

"कंबर धरली का गं? अशी वाकडी का उभी ऱ्हायलीस?"

"हॉकीत असंच उभं ऱ्हावं लागतंय."

"मग नको ती हॉकी," म्हणत तिनं मला पालथी पाडून कमरेला गरम तेल चोळलं. मीही गप्प पडून राहिले. बरं वाटत होतं.

नांदेडच्या संघाशी सामना ठरला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे तो एकदा पुढं गेलाच होता. आणखी एकदा जावा असं मला फार वाटत होतं. पण त्या दिवशी नेमक्या सगळ्या गाड्या चालू.

खेळ संपत आला तेव्हा कप्तानचा पास माझ्याकडं आला. मी एक खांदा गोलकडं केला, गुडघे वाकवले, मागं पाहिलं. कुणी नाही. चेंडू काठीला येऊन मुकाट थांबला. मान वर केली तर अख्खा गोल समोर. इतका मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं. मी बघत राहिले.

"मार की!" पुढं पळत कप्तान किंचाळली.

मी डोळे मिटून मारला. चेंडू तिच्या नडगीवर आदळला आणि तिथून गोलमध्ये गेला. मी नाचायला लागले. पंचांनी शिट्टी वाजवली. पायाला लागलेला गोल धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

कप्तान नडगी धरून मातीत बसली होती. "मी 'मार' म्हणले," ती कण्हत म्हणाली, "'मला मार' न्हाई म्हणले."

आम्ही हरलो. पुढंही मी संघात राहिले, गोल मात्र एकही केला नाही. पण कप्तान मला पास देत राहिली. दिला की तेवढी बाजूला पळायची.