नऊ पोरांचं एक पुस्तक

मुरबाडच्या स्टँडसमोरच्या पुस्तकवाल्याने मला एकदाच हरवलं, आणि तेही खोडरबर फुकट देऊन.

मुळात कारण माझी धाकटी जाऊ. ती कल्याणला राहते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका मे महिन्यात ती शेणव्याला आमच्या घरी आली, तेव्हा तिचा मुलगा आंब्याला, बैलाला, विहिरीला, दिसेल त्याला इंग्रजीत हाक मारत फिरला. आमच्या घरातली नऊ पोरं, माझी चार आणि मधल्या दोन दिरांची पाच, त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इथल्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून. जाऊ म्हणाली, "असू द्या वैनी, यांना काय कामाचं?"

मी डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन बाजार केले आणि त्यातून दुकान काढलं. आमच्या कामाचं काय, हे मला दुसऱ्याने सांगितलेलं खपत नाही. गणपतीला ती परत येणार होती. तोवर नऊच्या नऊ पोरांना इंग्रजी आलं पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

शिकवायला मात्र कोणी रिकामं नव्हतं. पुढे पेरणी, लावणी, दुकान, आणि मला स्वतःला एबीसीडीसुद्धा येत नव्हती. पुस्तकवाल्याने आधी कॅसेटी दाखवल्या. त्यांना वीज लागते आणि शांतता लागते. आमच्याकडे दोन्हींची बोंब. टपालाने येणाऱ्या कोर्सात दर महिन्याला उत्तरं पाठवायची, म्हणजे मागे लागणारं माणूस हवं. शेवटी त्याने गाळलेल्या जागा भरायचं जाडजूड पुस्तक काढलं. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, शिक्षकाची गरज नाही. मला तेवढंच हवं होतं.

"नऊ देऊ ना?" त्याने विचारलं.

"एक."

"पोरं नऊ म्हणालात."

"नऊ पोरांना आई काय नऊ असतात?" मी म्हटलं. "पेन्सिलीने लिहितील, खोडतील, पुढच्याला देतील."

त्याने पुस्तकावर एक खोडरबर फुकट ठेवला. मला वाटलं, जिंकले.

घरी सोय सोपी होती. थोरल्या मुलीने आधी पुस्तक भरायचं, खोडायचं, खालच्याला द्यायचं. मी आठवड्यातून एकदा पानं भरली का एवढं बघायची. थोरलीला महिना लागला. दुसऱ्याने पंधरा दिवसांत संपवलं, तिसऱ्याने दहा. जसजसं पुस्तक खाली गेलं तसतशी पोरं हुशार निघत गेली. पाच वर्षांच्या धाकट्याने ते तीन दिवसांत उरकलं. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत होते.

गणपतीत आरती झाल्यावर मी नऊ पोरांना ओळीने बसवलं, पाट्या दिल्या आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर होती तशी स्वतःची माहिती इंग्रजीत लिहायला सांगितली. नऊ पाट्या वर झाल्या. नऊंवर एकसारखं अक्षर, एकसारखा तिरपेपणा. निवडलेल्या तांदळात एक खडा सापडू नये, तसं. मी जावेकडे बघितलं.

तिच्या मुलाने पाट्या वाचायला घेतल्या. पहिलीवर थोरलीचं नाव. दुसरीवर थोरलीचं नाव. नवव्या पाटीवरही थोरलीचंच नाव, वय तेरा, आणि खाली, मी मुलगी आहे.

थोरली पेन्सिल दाबून लिहिते. खोडलं तरी कागदावर खाचा राहायच्या. बाकीची पोरं दोन महिने त्या खाचांवरून पेन्सिल फिरवत होती.

जाऊ धाकट्याची चड्डी वर ओढत म्हणाली, "वैनी, नऊच्या नऊ पोरी? आमची बर्फी कुठं गेली?"

सगळं घर हसलं. मी थोरलीवर ओरडले, तुला दिसत नव्हतं का म्हणून. ती खाली बघत म्हणाली, "तुला सांगायला आले होते. तू म्हणालीस, पानं भरली ना?"

जावेच्या मुलाने तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. थोरलीने उत्तर दिलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा दिलं, आणि या वेळी तोच अडखळला. कोरं पान एकटीलाच मिळालं होतं, म्हणून इंग्रजीही एकटीलाच आलं. त्या दिवशी मला एवढ्यावरच समाधान मानावं लागलं.

पुढच्या महिन्यात कल्याणहून एसटीने गठ्ठा आला. आत तीच पुस्तकं, कोरी, आठ. चिठ्ठी नव्हती. तिला चिठ्ठीची गरजच नव्हती. दोन दिवस मी गठ्ठ्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पोरांना वाटून दिली.

लिहायला मात्र पेन्सिलीनेच लावलं. दाबून नाही.