लाभ, दोन, तीन

चिंच फोडायला बसले की त्या आंबूस वासासोबत देवळा तालुक्यातल्या शाळेतली माझी दुसरीची पोरं आठवतात. बेरीज पक्की व्हावी म्हणून मी त्यांना चिंचोक्यांचा खेळ लावून दिला होता; दोघांनी मुठी उघडायच्या आणि एकूण किती ते जो आधी सांगेल त्याने सगळे चिंचोके घ्यायचे. नव्यानेच आलेली एक अबोल मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने मोजू लागली, "लाभ, दोन, तीन…" आणि सगळा वर्ग खिदळला. तिने मूठ मिटून मान खाली घातली. मला वाटलं, आता ही परत काही बोलत नाही. मी तिच्याजवळ फरशीवर बसले, म्हटलं, "लाभ कुठून आलं गं?" ती पुटपुटली, "आजा बाजरी मोजताना पयल्या मापाला एक म्हनतच नाय, बाई. लाभ म्हनलं की बरकत येते." तेवढ्यात, सकाळपासून हरत असलेला एक दांडगोबा ओरडला, "मंग मी पन लाभच म्हननार!" दुपारपर्यंत अख्खा वर्ग लाभापासून मोजत होता, आणि कुणी चुकलं तर ती मुलगी सगळ्यांत मोठ्याने हसत होती. आता शहरात, द्वारका चौकाजवळच्या फ्लॅटमध्ये कुकर वाजला की सून आतून विचारते, "आई, किती शिट्ट्या झाल्या?" पहिलीच असली, तर मी म्हणते, "लाभ!"