कपाटाच्या दारामागची वजनं

"जॅकेट काढ."

"नाही काढत."

"खुंटीला लावू नकोस. माझ्याकडे दे."

"ताई, दोन महिन्यांनी साठीचा होईन मी! नातीसमोर माझी झडती घेणार आहेस?"

"नातीसाठीच घेतेय."

"फोनवर काय बोललो होतो? यंदा दारात हा तमाशा केलास तर पुढच्या वर्षी आमचे पाय इकडे वळणार नाहीत. बोललो होतो की नाही?"

"बोललास. मीही ऐकलं. जॅकेट दे."

हे माझे बाबा आणि ही माझी आत्या. चौथ्या मजल्यावरच्या दारात हे चाललं होतं आणि जिन्यात आमची रांग लागली होती. आई, दादा, वहिनी, वहिनीच्या कडेवर अडीच वर्षांची चिमणी, आणि सगळ्यांत शेवटी फुलांचा भला थोरला गुच्छ घेऊन मी.

"अहो, देऊन टाका ना," आई म्हणाली. "केकच्या डब्याने हाताला रग लागली माझ्या."

"तू आधी तुझी पर्स दे, मग मला शहाणपण शिकव."

"मी केव्हाच दिली."

खरंच, आईची पर्स आत्याच्या कोपरात अडकलेली होती. वहिनीची खांद्यावर. बाबांनी जॅकेट ओरबाडल्यासारखं काढलं आणि तिच्या अंगावर टाकलं.

"घे! पँटही उतरवून देऊ? तिलाही खिसे आहेत."

"नको. लहानपणी तुझ्या चड्ड्या मीच बदलायचे. नवीन काही बघायला मिळायचं नाही."

जिन्यातले आम्ही सगळे फिसकन हसलो. बाबा हसले नाहीत.

"खिशात काही आहे?" आत्याने विचारलं.

"बॉम्ब आहे!" असं म्हणून ते आत निघून गेले.

आत्याने पर्सा आणि जॅकेट आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि पांढऱ्या दोरीत ओवलेली किल्ली गळ्यात घातली. कपाटात तिचं आयोडीन, फिनेल, काड्यापेट्या, कात्र्या आणि सुया आदल्या दिवसापासूनच कैदेत होत्या. मग ती वजनकाटा घेऊन बाहेर आली.

"चल गं चिमणे. उभी राहा."

आमच्या घरात आत्याला 'चेकपोस्ट' म्हणतात. तोंडावर नाही, गाडीत. "चेकपोस्ट आलं, कागदपत्रं काढा," असं दादा वळणावरच म्हणतो. तिला ते ठाऊक आहे, असा मला दाट संशय आहे.

एकतीस वर्षं ती मुलांच्या वॉर्डात नर्स होती. वसंताच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे आजच्यासारख्या दिवशी, तिने कधी रजा घेतली नाही. त्या दिवशी वॉर्ड भरतो, असं ती म्हणायची. पाहुणे येतात, दारं उघडी राहतात, मोठी माणसं गप्पांत रंगतात आणि प्रत्येकाला वाटतं की मुलाकडे दुसरं कोणीतरी बघतंय. एका मुलाने टेबलक्लॉथ ओढला आणि गरम चहा छातीवर आला. तेव्हापासून आत्याच्या टेबलावर कापड नाही. एका मुलीने खुर्चीला लटकणाऱ्या पर्समधून आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून खाल्ल्या. त्या मुलीचं पुढे काय झालं हे आत्याने कधीच सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की डॉक्टर वजन विचारत होते आणि भेदरलेल्या आईला ते आठवत नव्हतं.

म्हणून वजनकाटा. लोक दाराच्या चौकटीवर मुलांची उंची लिहितात, तसं आत्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला आमची वजनं लिहायची. मी चौदा वर्षांची झाल्यावर रुसून बसले, तेव्हा माझा रकाना थांबला.

लग्न तिने केलं नाही. "वॉर्डात चाळीस पोरं होती, आणखी कशाला?" असं म्हणायची. निवृत्त झाल्यावर मात्र दोन खोल्या, चार खिडक्या आणि ती. सुरुवातीची काही वर्षं या दिवशी तिच्याकडे पंधरा-सोळा माणसं जेवायची. मोठ्या काकांची मंडळी पाच वर्षांपूर्वी यायची थांबली. काकूंची पर्स मागितली, त्याचा राग आला. शेजारणीने नातवंडांचं वजन करू दिलं नाही, मग तीही येईनाशी झाली. राहिलो होतो आम्ही. आत्याचा महिनाभराचा बेत आमच्यासाठी चाललेला असायचा. आईला फोन यायचे. चिमणी अजून तोंडात वस्तू घालते का? खुर्चीवर चढते का? लिंबू सरबत चालेल का? फोन ठेवताना ती न चुकता विचारायची, "नक्की येताय ना?"

तर आम्ही बसलो. चिमणी साडेबारा किलो भरली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने कपाट उघडून आकडा लिहिला आणि पुन्हा कुलूप लावलं. वाऱ्याला कोवळ्या पालवीचा वास होता, पण आत्याने खिडक्यांना कड्या घातल्या, कारण चिमणी आता सोफ्यावर चढत होती. माझा गुच्छ तिने उलटसुलट करून पाहिला.

"यातली काही फुलं पोटात गेली तर उलट्या होतात," ती म्हणाली आणि तिने तो सर्वांत उंच फळीवर नेऊन ठेवला.

त्या फळीखाली बाबांची खुर्ची होती.

जेवण छान झालं. आत्या स्वतः बसली नाही. आमच्यामागे फिरत राहिली, पातेल्यांच्या मुठी आत वळवत, पाण्याचे ग्लास टेबलाच्या कडेपासून मागे सरकवत.

"ताई, तुम्हीही बसा ना," आई म्हणाली.

"तुम्ही खा. मी बघते."

"काय बघतेस? आम्ही जेवतोय, पळून नाही चाललो," बाबा म्हणाले. आवाज जरा बसला होता. आम्हाला वाटलं, राग अजून उतरला नाही.

केक कापायच्या आधी चिमणीला खाली अंगणात न्यायचं ठरलं. आत्या लगेच उठली. "थांबा, आधी मी फाटक बघून येते. त्या फाटकाची कडी लागत नाही नीट." आणि सदुसष्ट वर्षांची बाई दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले उतरून गेली.

ती गेली आणि बाबा खोकले. मग पुन्हा खोकले. टेबलाची कड धरून पुढे वाकले, आणि त्यांच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला. आम्हा सगळ्यांना तो आवाज माहीत आहे. पालवीच्या दिवसांत बाबांचा दमा उठतो.

"पंप कुठाय?" आई ओरडली. "अहो, पंप!"

बाबांनी पँटचे खिसे चाचपले. मग आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

जॅकेट.

दादाने कपाटाला धक्के दिले, हँडल पिरगळलं. लोखंडाला काय फरक पडतो! वहिनी खिडकीच्या कडीशी झटत होती. मी जिन्यात धावले. आत्या पहिल्या मजल्याच्या वळणावर होती, फाटक बघून परत येत होती.

"आत्या, किल्ली! बाबांना..."

मला वाक्य पुरं करावं लागलं नाही. तिने किल्ली काढायला दोरी ओढली, ती अंबाड्यात अडकली. दोन झटके दिले, तरी निघेना. मग ती तशीच वर निघाली. ते गुडघे, तो जिना, आणि ती माझ्या पुढे होती! चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा तिचाच श्वास फुलला होता. कपाटासमोर ती कमरेतून वाकली आणि गळ्यातली किल्ली गळ्यातच ठेवून तिने कुलूप उघडलं, कपाळ दाराला टेकवून, जणू आत काय आहे ते कान देऊन ऐकतेय.

पंप जॅकेटच्या आतल्या खिशात होता.

मग मात्र ती वॉर्डातली सिस्टर झाली. "फुलं बाहेर न्या. खिडक्या उघडा, पोरीला कडेवर घ्या. धाकट्या, माझ्याकडे बघ. सगळा श्वास सोड. आता मी दाबते, तू आत ओढ. ओढ, ओढ... धर. एक, दोन, तीन..." दहापर्यंत मोजताना तिचा आवाज जराही हलला नाही. मिनिटभराने पुन्हा. मग पुन्हा. बाबांच्या ओठांचा रंग परत आला, खांदे खाली आले. शिट्टी विरत गेली.

आई रडायला लागली. दादा भिंतीला टेकून खाली बसला.

मी कपाट लावायला गेले. दाराच्या आतल्या बाजूला माझी वजनं होती, दादाची होती. खाली आजची तारीख आणि 'चिमणी, साडेबारा'. आणि सगळ्यांत वर, खूप जुन्या, पुसट झालेल्या पेन्सिलीत: 'धाकटा. दमा. पंप हाताशी असू द्यावा.'

मागे आत्या उभी होती. तीही तेच वाचत होती.

"मी विचारलं होतं त्याला," ती हळूच म्हणाली. मग स्वतःच मान हलवली. "नाही. मी खिसा बघायला हवा होता. तो रागात होता. रागातल्या माणसाला विचारून काय उपयोग!"

केक कोणी कापला नाही. आईने डबा तसाच टेबलावर ठेवला. वहिनी चिमणीला घेऊन खाली गेली, दादा गाडी काढायला. बाबांनी जॅकेट चढवलं आणि आतला खिसा बाहेरून दोनदा चाचपला. आत्याचं लक्ष त्या हाताकडे होतं.

"अजून अर्धा तास बस," ती म्हणाली. "पुन्हा उठू शकतो."

"बरं वाटतंय मला."

"घरी गेल्यावर पडून राहू नकोस. उशा लावून बस. आणि थांबलं नाही तर सरळ..."

"माहीत आहे, ताई."

खिडक्या सताड उघड्या होत्या. त्या घरात मी वारा पहिल्यांदाच पाहिला. टेबलावरचे कागदी रुमाल एकेक करून खाली पडत होते आणि आत्या ते उचलत नव्हती. तिने अंबाड्यातून दोरी सोडवली, आणि किल्ली तळहातावर ठेवून हात बाबांसमोर धरला.

"हे घे. पुढच्या वर्षी कपाट तू लाव. काय आत ठेवायचं, काय बाहेर, तू ठरव. मी एका शब्दाने बोलणार नाही. चिमणीच्या हाताला पर्स तेवढी... नाही, तेही नाही. तू ठरव."

बाबा किल्लीकडे बघत राहिले. मानेवर दोरी घासली होती तिथे आत्याला लाल वळ उठला होता.

"वजनही नाही करणार," ती म्हणाली. "धाकट्या, याल ना?"

बाबांनी पायांत बूट सरकवले. नाडी बांधायला वाकले नाहीत. किल्ली आत्याच्या तळहातावर तशीच ठेवून त्यांनी दार उघडलं आणि ते जिना उतरायला लागले.