अण्णा, विलास आणि अर्धं राहिलेलं जहाज

एका उन्हाळ्यात आमच्या नाशिकरोडच्या घरात जहाज आलं... म्हणजे जहाजाचा खोका. एकोणऐंशी साल असेल. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं आणि घरात दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. माझे सासरे अण्णा आणि माझा धाकटा दीर विलास.

विलासला बोटीवर नोकरीला जायचं होतं. लेखी परीक्षेत तो पास झाला, पण मेडिकलला डोळ्यांत अडकला. लाल आणि हिरवा त्याला वेगळे ओळखता येत नव्हते म्हणे.

अण्णांना ते पटेचना. "घरात एवढी वर्षं कधी कळलं नाही ते? याने तिथे धांदरटपणा केला असणार," असं एकदाच म्हणाले आणि गप्प झाले. त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं ना, पोरगा बोटीवर जाणार म्हणून... मग विलासनेही बाहेर जाणं सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायचा.

माझ्या मुंबईच्या मामांकडे सुटे भाग जोडून छोटं लाकडी जहाज बनवायचा एक परदेशी खोका बरीच वर्षं पडून होता. मी तो मागून आणला. विलास चिडेल अशी भीती होती, पण त्याने झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ आतल्या लाकडांवरून नुसता हात फिरवत राहिला.

आम्ही दोघंही नवशिके. आत कणा, त्याला लावायच्या फासळ्या, आणि फासळ्यांवर बसवायच्या लाकडाच्या लांब पातळ पट्ट्या. सूचना कुठल्याशा परक्या भाषेत होत्या, त्यामुळे सगळी मदार सोबतच्या नकाशावर. मी पातेल्यात पाणी गरम करून पट्ट्या भिजवायची, विलास त्या हळूच वाकवून गोंदाने चिकटवायचा. गोंद वाळेपर्यंत दाबून धरायला दोरीवरचे कपड्यांचे चिमटे! माझे मिस्टर ओझरहून विमानाच्या कारखान्यातली ड्यूटी करून आले की ओले कपडे दोरीवरून घसरून पडलेले पाहून हसायचे.

नकाशा विलासच बघायचा. तो आकड्यांप्रमाणे ओळीने पट्ट्या लावत गेला आणि एक बाजू पूर्ण झाली. काय देखणी दिसत होती! विलास कित्येक महिन्यांनी पोटभर जेवला.

सकाळी पाहतो तर जहाज केळ्यासारखं वाकलेलं. वाळताना पट्ट्या आखडल्या आणि त्यांनी सगळा कणाच आपल्याकडे ओढून घेतला. "मला कुठलंच जहाज जमायचं नाही, वहिनी," विलास म्हणाला.

अण्णा चहा घेत होते. कप ठेवून उठले, जहाज हातात घेतलं, एक डोळा मिटून कण्यावरून नजर टाकली. मग नकाशा पाहिला.

"अरे, एक डावीकडची, एक उजवीकडची अशी लावायची होती. दोन्हीकडून ओढ सारखी बसते. इथे चक्क दाखवलंय... डावीकडचे आकडे लाल, उजवीकडचे हिरवे."

विलास नकाशाकडे बघत राहिला. "मला सगळे एकसारखेच दिसतात, अण्णा."

अण्णांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "हा?"

"मातकट."

"आणि हा?"

"तोही."

अण्णा चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. मग माझ्याकडे वळले, "सूनबाई, पाणी ठेव गरम. सगळं सोडवून परत लावू."

पुढचे काही दिवस मी विसरणं शक्य नाही. दोघं समोरासमोर बसलेले... ओल्या फडक्याने गोंद मऊ करून अण्णा एकेक पट्टी सोडवत होते. मग अण्णा नकाशा वाचायचे, "लाल, डावीकडे," "हिरवी, उजवीकडे," आणि विलास पट्टी बसवायचा. झालं गेलं त्यावर एक शब्द नाही. कणा मात्र सरळ झाला.

जहाज निम्म्यावर आलं आणि विलासला मालेगावला नोकरीचा कॉल आला. तो गेला. सुरुवातीला दर रविवारी यायचा, पण येण्याजाण्यातच दिवस संपायचा. मग लग्न झालं, मुलं झाली, सणावारी येणं उरलं. अण्णांनी जहाज जुन्या धोतरात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. मी एकदा म्हटलं, तुम्ही लावा ना थोड्या पट्ट्या. तर म्हणाले, "त्याचं आहे ते. तो आला की लावू."

तो यायचा. अण्णा त्याच्या तोंडाकडे बघायचे. तो पावसापाण्याचं, नोकरीचं बोलायचा... आणि जायचा.

काही वर्षांनी अण्णा गेले. तेराव्यानंतर विलासने कपाटावरून ते गाठोडं उतरवलं, सोडलं आणि माझ्याकडे पाहतच राहिला.

"वहिनी, हे तर तसंच आहे!"

"अण्णा तुझ्यासाठी थांबले होते."

"अहो, मला वाटायचं ते एकटे करत असतील... त्यांना छान विरंगुळा झालाय, मी हात लावला तर म्हणतील घेऊन जा तुझं तुला. झाकलेलं असायचं ना, म्हटलं पूर्ण करून एकदम दाखवणार असतील. म्हणून मी कधी विचारलंच नाही..."

खोक्यात पट्ट्या शिल्लक होत्या. त्याने ते जहाज पुढेही पूर्ण केलं नाही, आणि मीही कधी कर म्हटलं नाही.

आमच्या घरात माया कमी नव्हती हो... फक्त ती एकमेकांना सोडून बाकी सगळ्यांजवळ बोलून दाखवायची पद्धत होती. आज विलास साठी ओलांडून गेलाय. त्याचा मुलगा परगावी असतो, आणि विलास त्याला रोज फोन करतो. काही काम नसतं. "काय चाललंय" एवढंच विचारतो.